पेट्रोलचे पैसे नेमके जातात कुठं? पाचोड शिवारातला हिशेब, आणि सायकल, इथेनॉल, विजेच्या गाडीचं खरं-खोटं

पाचोड (ता. पैठण) : मे २०२१ मध्ये मराठवाड्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. तेव्हा पंपावर बोर्डाचे फोटो काढून लोकांनी व्हॉट्सअॅपवर फिरवले होते. आता कुणी फोटो काढत नाही. शंभराची, दोनशेची नोट देऊन पेट्रोल घ्यायचं आणि गाडीला किक मारायची, लिटर किती पडलं ते बघायचंसुद्धा नाही, अशी सवय झाली आहे. पंपावर 'लिटर' मागणारा माणूस कमी झाला आणि 'शंभरचं टाक' म्हणणारा वाढला. त्यामुळे महिन्याला घरात किती पेट्रोल जळतं, याचा आकडा बहुतेक घरांत कुणालाच सांगता येत नाही.

दर का उतरत नाही, हे आधी बघावं लागेल. कच्चं तेल महाग झालं की पेट्रोल महाग होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उलटं मात्र तेवढ्या इमानदारीने होत नाही. मे-जून २०२२ मध्ये कच्चं तेल पिंपामागे ११० डॉलरच्या पुढं होतं. एप्रिल-मे २०२५ मध्ये ते ६५ डॉलरच्या आसपास आलं. म्हणजे चाळीस टक्क्यांनी उतरलं. त्याच काळात आपल्याकडे पंपावर उतरले ते मोजके रुपये, आणि तेही बहुतेक कर कमी केल्यामुळे. टाळेबंदीत तेल पडलं होतं तेव्हा, मे २०२० मध्ये, केंद्राने पेट्रोलवरचा अबकारी कर लिटरला जवळपास ३३ रुपयांवर नेऊन ठेवला. पुढं नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये, मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले. जुलै २०२२ मध्ये राज्याने ५ रुपये सोडले. लोकसभेच्या तोंडावर मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये उतरले. एप्रिल २०२५ मध्ये तेल स्वस्त झाल्यावर केंद्राने २ रुपये कर परत वाढवला. तो तेल कंपन्यांनी सोसला म्हणून बोर्डावरचा आकडा हलला नाही, पण ग्राहकाला मिळायचे ते २ रुपयेही गेले. कंपन्यांचं म्हणणं असं की २०२२ मध्ये त्यांनी तोटा सोसून विकलं, तो भरून काढायचा होता. त्यात तथ्य आहेच, पण तोटा भरून निघाला की नाही हे शेतकऱ्याला कोण सांगणार?

राज्याचा व्हॅट उर्वरित महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरला ५ रुपये १२ पैसे, असा ठरला. जुलै २०२४ मध्ये सरकारने दर कमी केल्याची बातमी आली, पण ती मुंबई, ठाणे, नवी मुंबईपुरती होती. तिथला कर जास्त होता, तो आपल्याएवढा केला. ग्रामीण भागाला त्यातून काही मिळालं नाही. त्यावर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर इथपर्यंत येण्याचं भाडं आहेच. डेपोपासून जितकं लांब तितकं पेट्रोल महाग. परभणीचा दर नेहमी बातम्यांत असतो तो याच कारणाने.

म्हणजे दर आपल्या हातात नाही. हातात आहे ते किती जळतं, हे. आणि तिथंच समज-गैरसमज फार आहेत.

शहराच्या फेरीपेक्षा शेताची फेरी महाग

पेट्रोल जातं ते लांबच्या प्रवासात, असं बहुतेकांना वाटतं. छत्रपती संभाजीनगरला दवाखान्याला गेलो, पैठणला तहसीलला गेलो, त्यात पैसे गेले. आता पाचोडजवळच्या एखाद्या गावातल्या साध्या कुटुंबाचा हिशेब करू. पाच एकर जमीन, दोन जनावरं, एक शंभर-एकशे दहा सीसीची मोटारसायकल. शेत गावापासून तीन किलोमीटर. सकाळी दुधाला, दुपारी भाकरी घेऊन, संध्याकाळी मोटार बंद करायला किंवा वैरण आणायला, अशा दिवसाला तीन फेऱ्या होतात. तीन फेऱ्या म्हणजे अठरा किलोमीटर. ही गाडी डांबरी सडकेवर पन्नास-पंचावन्नचं अॅव्हरेज देते, पण पांदणीत दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत, पाठीमागे वैरणीचा भारा घेऊन ती अडतीस-चाळीसच्या वर जात नाही. अठरा किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल. महिन्याला चौदा लिटर. १०५ रुपये दर धरला तर जवळपास १,४७० रुपये. वर्षाला साडेसतरा हजार.

आता शहराची फेरी. पाचोडहून छत्रपती संभाजीनगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन महामार्गाने दोन-सव्वादोन लिटर. महिन्यात दोनदा गेलं तरी साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. शेताच्या फेऱ्यांत त्याच्या तिप्पट पैसे जातात, आणि ते कुणी मोजत नाही, कारण ती 'जवळच' आहेत.

जिल्ह्याच्या गावी जाताना एसटीने जावं की गाडीने, याचाही हिशेब वाटतो तितका सरळ नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ १४.९५ टक्के झाली. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे पाचोडहून शहराला एका बाजूने नव्वदच्या आसपास. एकट्या पुरुषाला जाऊन-येऊन १८० रुपये. गाडीचं पेट्रोल सव्वादोनशे. शहरात उतरल्यावर रिक्षाचे पैसे धरले तर एसटीत फायदा उरत नाही. नवरा-बायको दोघं असतील तर बाईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचे मिळून २७० होतात, गाडी त्यापेक्षा स्वस्त पडते. पण बाई एकटी जाणार असेल, किंवा सासू-सून दोघी, तर एसटीला तोड नाही. पंचाहत्तरीच्या वरच्या म्हाताऱ्या माणसाला तर तिकीटच नाही. म्हणून घरातलं एखादं काम बाईने एसटीने जाऊन केलं तर निम्म्या पैशात होतं. गावोगावी हे घडत नाही, कारण काम 'माणसाचं' समजलं जातं. बँकेतलं, तहसीलातलं काम बाईने का करू नये, याला पेट्रोलच्या दरात उत्तर नाही.

सायकलचं काय?

दर वाढले की सायकलीचा उपदेश सुरू होतो. उपदेश करणारा बहुतेक वेळा शहरातला आणि गुळगुळीत रस्त्यावरचा असतो. इथल्या शिवारात सायकल किती चालेल, हे सायकलपेक्षा जमीन ठरवते.

वरच्या तीन फेऱ्यांतली एक फेरी सायकलने केली तर रोजचे सहा किलोमीटर वाचतात. महिन्याला साडेचार-पाच लिटर पेट्रोल, पाचशेच्या आसपास रुपये. साधी दांडीची सायकल सहा-सात हजारांत येते. बारा महिने चालली तर सव्वा वर्षात पैसे फिटतात. पण बारा महिने ती चालत नाही. पावसाळ्यात काळ्या रानाच्या वाटेवर सायकल घातली की शंभर पावलांत चिखल मडगार्डात बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. ज्याने हे केलं आहे त्याला सांगायची गरज नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी ४२ अंशांच्या उन्हात तीन किलोमीटर पायडल मारणंही पन्नाशीच्या माणसाला परवडणारं नाही. म्हणजे खरा उपयोग ऑक्टोबर ते मार्च पूर्ण, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. सात-आठ महिने. वर्षाला साडेतीन-चार हजारांची बचत. वाईट नाही. एका एकराच्या कपाशीचं बियाणं, खताच्या एक-दोन गोण्या त्यात निघतात.

अडचण पैशाची कमी आणि लाजेची जास्त आहे. तीस वर्षांपूर्वी ज्याच्या दारात सायकल तो बरा समजला जायचा. आज सायकलवर शेतात निघालेल्या तरण्या पोराला वाटेत चारजण विचारतात, गाडी विकली का? लग्न जमायचं असेल तर सायकल घरामागे ठेवतात. त्याच गावात सकाळी शहरात ट्रॅक सूट घालून चाळीस हजारांच्या सायकली फिरवणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाईलवर बघितले जातात.

सायकल खरंच चालते ती शाळेच्या मुलींमुळे. राज्याचा मानव विकास कार्यक्रम, ज्याचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, मागास १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देतो. आधी ३,५०० रुपये मिळत, २०२२ मध्ये ते ५,००० झाले. शाळा पाच किलोमीटरच्या आत आणि एसटीची सोय नाही, अशा मुलींसाठी ही योजना आहे. बिहारने २००६ पासून मुलींना सायकली दिल्या, तिथं नववीत नाव घालणाऱ्या मुली वाढल्या, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. इंधन वाचवणं हा त्या योजनेचा हेतूच नव्हता. पण रोज बापाला शाळेपर्यंत सोडायला आणि आणायला दोन फेऱ्या माराव्या लागत असतील, तर मुलीची सायकल सगळ्यात आधी पेट्रोलच वाचवते. दहावी-बारावी झाली की ती सायकल घरात पडून राहते, टायर वाळतात, मग भंगारात. ती सायकल आईने वापरायला हरकत काय, हा प्रश्न फारसा कुणाच्या डोक्यात येत नाही. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायका पायी किंवा टेम्पोत कोंबून जातात.

जगात सायकल परत आली ती दोन तऱ्हांनी. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा हॉलंडने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि पुढच्या वर्षांत सायकलीसाठी वेगळे रस्ते बांधले. सायकल तिथं टिकली. क्युबात १९९० नंतर रशियाचं तेल थांबलं. त्यांनी चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या, शेतात बैल परत जुंपले. तेल मिळायला लागल्यावर बऱ्याच सायकली सुटल्या. एकीकडे रस्ता होता, दुसरीकडे नुसती मजबुरी. त्याच १९७३ च्या नोव्हेंबरात पेट्रोल दरवाढीच्या निषेधाला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. आता बैलगाडी आंदोलनात काढायची म्हटली तरी ती शोधावी लागते.

बैल आणि घोड्याचा हिशेब

टाळेबंदीत छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा सहायकाने मोटारसायकल बंद पडल्यावर घोडा विकत घेतला आणि त्यावरून कामाला जायला लागले. मार्च २०२२ मध्ये पेट्रोलच्या दराची चर्चा पेटली तेव्हा ही बातमी देशभर फिरली. लोकांना गंमत वाटली. पण जनावराचा हिशेब शेतकऱ्याला कळतो. गाडी उभी असली की काही खात नाही. घोडा आणि बैल रविवारीही खातात, पाऊस लागला तरी खातात, काम असो-नसो खातात.

बैलजोडी आता लाखाच्या पुढं गेली आहे. पाच एकराला तिला वर्षातून कितीसे दिवस काम? पेरणी, कोळपणी, पाळी, थोडी वाहतूक. बाकीचे दिवस वैरण. दुष्काळात तर वैरण विकत. म्हणून बैल गेले, आणि ते गेले म्हणून शेणखत गेलं, खताच्या गोण्या वाढल्या. डिझेलच्या दरवाढीने बैल परत येतील असं म्हणणाऱ्यांनी वैरणीचा भाव बघावा. दोन-तीन घरांनी मिळून जोडी ठेवली तरच जमतं, आणि पेरणीच्या वाफशाला सगळ्यांना ती एकाच दिवशी लागते, तिथं भांडण ठरलेलं.

खरं इंधन नांगरटीत

मोटारसायकलीच्या चर्चेत डिझेल मागे राहतं. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात मोठं बिल ट्रॅक्टरचं आहे, मग तो स्वतःचा असो की भाड्याचा. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर पलटी नांगराला तासाला पाच-सहा लिटर डिझेल पितो. एकराला दीड-दोन तास. त्यावर रोटाव्हेटर, एखादी पाळी, सरी. कपाशीच्या रानाला एकरी वीस लिटरच्या आसपास डिझेल पेरणीआधीच जातं. पाच एकराला शंभर लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी नऊ हजार, आणि भाड्याने असेल तर चालक, मालक, हप्ता सगळं त्यात, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट. डिझेल दोन रुपयांनी वाढलं की भाड्याचा दर एकरी शंभरने वाढतो. डिझेल उतरलं की भाडं उतरलंय, असं कुठं ऐकू येत नाही.

इथं एक गोष्ट मराठवाड्यात काही जणांनी करून बघितली आहे आणि तिची चर्चा पर्यायी इंधनाइतकी होत नाही. नांगरटच करायची नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेली एसआरटी पद्धत, तीच पुढं कापूस, मका, हरभऱ्याला वापरली गेली. राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पातूनही शून्य मशागतीचा प्रचार झाला. एकदाच गादीवाफे पाडायचे, पुढं दरवर्षी त्याच वाफ्यावर टोकण. आधीच्या पिकाची मुळं जमिनीत ठेवायची, पऱ्हाटी उपटायची नाही, जमिनीलगत कापायची. मुळं कुजून जमीन भुसभुशीत होते. पहिल्या वर्षी वाफ्याला खर्च येतो, दुसऱ्या वर्षापासून नांगर आणि रोटाव्हेटरचं डिझेल पूर्ण वाचतं. एकरी पंधरा लिटर तरी.

भानगड तणाची आहे. नांगरट नाही म्हटल्यावर तणनाशक आलं, आणि तणनाशक म्हटलं की फवारणारा माणूस, त्याचं आरोग्य, दुसऱ्याच्या पिकावर उडणारा फवारा. कुंदा-हराळी मातलेल्या रानात ही पद्धत लगेच धरू नये. दुसरी भीती घरातली आहे. पऱ्हाटी हे मराठवाड्यातलं सरपण. मुळासकट उपटली नाही तरी वरचं सरपण मिळतंच, फक्त कापणीला मजूर जास्त लागतो. आणि तिसरी, जी कुणी बोलत नाही: नांगरट न केलेलं रान शेजाऱ्याला आळशाचं रान वाटतं. वैशाखात काळंभोर उलटलेलं रान ही इथल्या शेतकऱ्याची अब्रू आहे. पाच एकर एकदम करू नये. वीस गुंठे करून बघावं, डिझेलची पावती आणि कपाशीचा उतारा दोन्ही वहीत लिहावं.

मोसंबीवाल्यांना डिझेलचं कारण वेगळ्या तऱ्हेने भोवतं. पाचोडच्या मोसंबी बाजारातला माल दिल्ली आणि उत्तरेला जातो. दिल्ली साडेबाराशे-तेराशे किलोमीटर. ट्रक लिटरला चार किलोमीटर गेला तर सव्वातीनशे लिटर डिझेल, सोळा टन मालावर वाटलं तर टनाला वीस लिटर. म्हणजे डिझेल लिटरला पाच रुपयांनी वाढलं तर टनामागे शंभर रुपये जास्त. किलोला दहा पैसे. लिलावात मात्र डिझेलच्या नावावर टनाला हजार-हजार रुपये पडलेले सांगितले जातात. भाव पाडायला आवक, मालाची प्रत, उत्तरेतलं ढगाळ हवामान ही कारणं खरी असतील. पण कुणी डिझेलचं कारण सांगितलं तर बागवानाने हा वीस लिटरचा हिशेब पुढं ठेवावा.

इथेनॉल: एका हाताने घेतलं, दुसऱ्याने दिलं

पंपावर आता मिळणारं पेट्रोल निव्वळ पेट्रोल नाही. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. देशाने दहा टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं, आणि २०३० चं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये पूर्ण केलं. इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि खराब धान्यापासून होतं. शेतकऱ्याचा माल गाडीत जळतो, अरबांना जाणारा पैसा इथं राहतो, हा सरकारचा मुद्दा खोटा नाही. डाव्या कालव्याच्या कडेला, विहामांडव्याच्या बाजूला ऊस करणाऱ्यांना कारखान्याकडून वेळेत पैसा मिळण्याला इथेनॉलचा हातभार लागू शकतो.

पण भरवसा किती धरायचा? डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, आठवडाभरात ती थोडी सैल केली. कारखान्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभे केले होते. मग मक्याचा जोर आला. मक्याला इथेनॉलमुळे भाव राहील म्हणून लोकांनी पेरा वाढवला, आणि २०२५ च्या हंगामात हमीभाव २,४०० रुपये असताना बाजारात मका त्याच्या बराच खाली विकला गेला. ज्याला इंधनाचं पीक म्हटलं, त्याचा भाव इंधनासारखा चढला नाही.

गाडीवाल्याच्या बाजूने बघितलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्याच अहवालात आहे की जुन्या बनावटीच्या दुचाकींचं अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणाने तीन-चार टक्के घटतं, चारचाकीचं सहा-सात टक्के. पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीस देईल. महिन्याला चौदा लिटर जाळणाऱ्याला पन्नास रुपयांचा फटका. तो मोठा नाही, पण दर लिटरला तेवढा कमी करायला हवा होता, तो झाला नाही. या मिश्रणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, त्यामुळे आता हेच पेट्रोल घ्यायचं आहे. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलची रबरी नळी आणि कार्बोरेटरचे वायसर वर्षातून एकदा बघून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण सैल, गाडी महिनाभर उभी, आणि मग किक मारून मारून पाय दुखायचे, याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

वीस वर्षांपूर्वी अशीच एक लाट मोगली एरंडाची आली होती. जट्रोफा म्हणून. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, डिझेल बियांतून निघेल. २०११-१२ पर्यंत देशातलं वीस टक्के डिझेल त्याचं असेल, असा आराखडा होता. ज्यांनी बांधावर लावला त्यांच्याकडे आजही कुंपण म्हणून उभा आहे. तेल कुणाला दिसलं नाही. आणि महामार्गाच्या कडेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात विकलं जाणारं द्रव तर घेऊच नये. राज्यात अशा अवैध पंपांवर छापे पडले आहेत. लिटरला वीस रुपये वाचवून ट्रॅक्टरचा डिझेल पंप आणि नोझल गेले तर तीस-चाळीस हजारांना बसतं.

वीज, गॅस आणि शेण

विजेची स्कूटर शेताच्या फेऱ्यांना हिशेबात सगळ्यात स्वस्त आहे. अठरा किलोमीटरला पाऊण युनिट वीज, युनिटला दहा रुपये धरले तरी सात-आठ रुपये. पेट्रोलला पन्नासच्या आसपास. वर्षाला पंधरा हजारांचा फरक. पण लाख-सव्वा लाखाची गाडी, लहान चाकं, जमिनीलगत पोट, पांदणीत दगड लागणार. बॅटरी बदलायची वेळ आली तर हजारोंचा खर्च, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठं, हे आधी विचारावं. गंमत अशी की आपल्याच पैठण तालुक्यात, बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत, वर्षाला दहा लाख विजेच्या दुचाकी बनवण्याचा एथर कंपनीचा कारखाना जाहीर झाला आहे. राज्याचं २०२५ चं धोरण दुचाकीला किमतीच्या दहा टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये सवलत देतं. ती मिळते का, हे दुकानात पावतीवर बघून घ्यावं.

बजाजने जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल. कंपनी किलोला १०२ किलोमीटर सांगते. प्रत्यक्षात ऐंशी-नव्वद मिळालं तरी किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो, पेट्रोलच्या निम्मा. पण रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप नसेल तर दोन किलो गॅस भरायला वीस किलोमीटर जाणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याच्या उलट.

घरातल्या इंधनाला शेण अजून सगळ्यात भरवशाचं. दोन घनमीटरचा गोबरगॅस रोज पन्नास किलो शेण मागतो, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यात महिन्याला पावणेदोन टाक्यांच्या बरोबरीचा गॅस निघतो, थंडीत कमी. ज्याच्या दारात दोनच जनावरं त्याने नादी लागू नये. १९८० च्या दशकात अनुदानासाठी बांधलेले, आज शेणाऐवजी पाचोळा भरलेले खड्डे बऱ्याच गावांत आहेत.

सौर पंपाने डिझेल इंजिनाची जागा घेतली, हे खरं यश म्हणावं लागेल. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. दिवसा पाणी मिळाल्याने रात्री मोटार चालू करायला जाण्याची फेरी वाचते, आणि साप-विंचवाची भीतीही.

पांदण झाली तर पाव हिस्सा पेट्रोल वाचेल

सायकल, स्कूटर, मोटारसायकल, काहीही घ्या, शेवटी गाठ पांदणीशी आहे. पांदणीत मुरूम पडला तर अडतीसचं अॅव्हरेज पन्नासवर जातं. नवीन गाडी न घेता, नवीन इंधन न भरता, चौदा लिटरचे साडेदहा लिटर होतात. सायकल पावसाळ्यातही चालू शकते. मोसंबीचा टेम्पो बागेपर्यंत येतो, डोक्यावरून क्रेट वाहावे लागत नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली, ती रोजगार हमी खात्याची. तेव्हा या खात्याचे मंत्री पाचोडचेच संदीपान भुमरे होते. म्हणजे योजना या मातीतल्या माणसाच्या सहीने गेली असं म्हणायला हरकत नाही. तरी परिसरात अनेक पांदणी अजून तशाच आहेत. मजुरी आणि साहित्याचं प्रमाण बसत नाही, मुरूम कुठून आणायचा ते ठरत नाही, आणि सगळ्यात मोठं, दोन्ही बाजूंच्या बांधांनी पांदण खाल्ली आहे. बारा फुटांची वाट कागदावर, जाग्यावर एक बैलगाडी जाईना.

अतिक्रमणाला मात्र कायद्यात वाट आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद द्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद घ्यावी, असं सांगितलं आहे. अर्जाबरोबर नकाशा, सातबारा आणि लगतच्या खातेदारांची नावं लागतात. कलम ५ च्या दाव्याला मुदत आहे: अडथळा केल्यापासून सहा महिने. त्यामुळे मागच्या खरिपात वाट अडवली असेल तर पुढच्या पेरणीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, अर्ज त्याआधी पैठणच्या तहसीलात गेला पाहिजे.